पाहुणी केनियाची, वर्ग तिसरीचा: परदेशी पाहुणा शाळेत बोलावताना काय काय करावं

मी नाशिकमध्ये प्राथमिकला शिकवते. काही वर्षांपूर्वी परदेशात बरीच वर्षं राहून आलेल्या एका गृहस्थांना मी वर्गात बोलावलं होतं. माणूस सज्जन, तयारी भरपूर. प्रोजेक्टर लावून त्यांनी तासभर चित्रं दाखवली: पूल, विमानतळ, उंच इमारती, बर्फ. मुलं शांत बसली होती आणि मला वाटलं, छान झालं. पाहुणे गेल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तिथली मुलं डब्यात काय नेतात?" तासभरात ते कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांनी विचारावं अशी जागाही आम्ही ठेवली नव्हती.

तेव्हापासून असे तास मी वेगळ्या पद्धतीने आखते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला देश समजतो तो तिथल्या मुलाच्या दिवसातून. ते सकाळी किती वाजता उठतं, काय खातं, शाळेत कसं जातं, आजीला काय म्हणतं, हे कळलं की त्या मागोमाग नकाशा येतो, डोंगर येतात, इतिहाससुद्धा येतो. गेल्या वेळी नाशिकमध्ये फार्मसी शिकणारी केनियाची एक मुलगी आमच्या तिसरीच्या वर्गात आली होती. खालचे टप्पे त्या तासाच्या अनुभवावरून लिहिले आहेत. तुमचा पाहुणा दुसऱ्या देशाचा असेल तर तपशील बदलतील, क्रम बहुधा हाच राहील.

## आधी हाताशी काय हवं

कागद:
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी (तारीख, वेळ, विषय, पाहुण्याचं नाव)
- शाळा व्यवस्थापन समितीला दिलेल्या माहितीची नोंद
- पाहुण्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची
- फोटो काढणार असाल तर पालकांची संमतीपत्रं
- शाळेच्या अभ्यागत नोंदवहीत नोंद

सामान: जगाचा मोठा नकाशा, पृथ्वीगोल, लाल दोरा, पुठ्ठ्याची दोन घड्याळं, खडू-फळा. मी प्रोजेक्टर आता वापरत नाही. अंधार केला की मुलं पाहुण्याकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात.

## 1. पाहुणा शोधा, पण रस्त्यावरून उचलून आणू नका

नाशिकमध्ये परदेशी माणसं दिसतात. त्र्यंबक रस्त्याला योग शिकायला आलेली असतात, इगतपुरीला विपश्यनेसाठी येतात, कॉलेजांत शिकणारी असतात, आणि 2027 च्या सिंहस्थात तर रामकुंडावर पावलोपावली भेटतील. घाटावर ओळख झाली आणि दुसऱ्या दिवशी पाहुणा शाळेत, असं करू नका. आपण त्यांना ओळखत नाही, ते मुलांना ओळखत नाहीत, आणि जबाबदारी आपली असते. इगतपुरीला आलेल्यांना शिबिराच्या दहा दिवसांत तर गाठूच नका. ते मौनात असतात.

सगळ्यात चांगला रस्ता कॉलेजचा. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना भेटा, शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. विद्यार्थी वयाने लहान असतात, घरापासून लांब असतात, मुलांमध्ये बसायला त्यांना मनापासून आवडतं. शिवाय वर्षभर इथे राहून त्यांना नाशिकही ठाऊक झालेलं असतं. तिकडचं काहीतरी इकडच्या कशासारखं आहे, हे तेच नेमकं सांगू शकतात.

परदेशी माणूस मिळालाच नाही तर पालकांमध्ये विचारा. बोटीवर नोकरी करणारे, आखातात नर्स म्हणून राहून आलेल्या, मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने परदेशी राहिलेली एखादी आजी. ही आजी उत्तम पाहुणी असते, कारण तिने तिथलं स्वयंपाकघर आणि भाजीबाजार पाहिलेला असतो.

## 2. परवानग्या

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा, महापालिकेची असेल तर शिक्षण विभागाला. खाजगी शाळेत मुख्याध्यापक आणि संस्था. आठ-दहा दिवस आधी पत्र दिलं की धावपळ होत नाही. पत्रात "सांस्कृतिक कार्यक्रम" असं मोघम लिहू नका. "इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास, एक तास, शिक्षिका पूर्णवेळ वर्गात हजर" असं स्पष्ट लिहा. वाचणाऱ्याच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

एक, मानधन. शिकायला किंवा फिरायला आलेल्या परदेशी माणसाला इथे पैसे घेऊन काम करण्याची मुभा नसते. आपण प्रेमाने पाकीट देतो आणि अडचणीत तो येतो. पाकीट देऊ नका. रिक्षाने आणणं-पोचवणं आपण करावं.

दोन, मुक्काम. पाहुणा बाहेरगावहून येणार असेल आणि तुम्ही त्याला घरी ठेवून घेणार असाल, तर परदेशी नागरिक मुक्कामाला आल्याची ऑनलाइन नोंद 24 तासांच्या आत यजमानाने करायची असते. हॉटेलवाले हे रोज करतात, घरच्यांना माहीतच नसतं. त्यापेक्षा त्याच दिवशी येऊन जाईल असा पाहुणा बरा.

आणि कितीही ओळखीचा पाहुणा असो, मुलांबरोबर त्याला एकटं सोडून कार्यालयात सहीला जाऊ नका. हा नियम सगळ्यांना सारखाच लावला की कुणाला अपमान वाटत नाही.

## 3. पाहुण्याबरोबर आधी एक चहा

हा टप्पा बरेच जण फोनवर उरकतात. उरकू नका. प्रत्यक्ष भेटा, अर्धा तास बसा. आमची पाहुणी मोंबासाची, केनियाच्या किनाऱ्यावरच्या शहरातली. तिने वहीत चार पानं भाषण लिहून आणलं होतं: राजधानी, लोकसंख्या, राष्ट्रध्वजाच्या रंगांचा अर्थ. मी तिला म्हटलं, हे मी आधीच्या दोन दिवसांत शिकवून ठेवते, तू फक्त तुझ्या आठव्या वर्षाचा एक दिवस सांग. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग सकाळच्या पेजेपासून सुरू झाली. किस्वाहिलीत, म्हणजे तिच्या भाषेत, त्या पेजेला "उजी" म्हणतात आणि ती बऱ्याचदा "विंबी"च्या पिठाची करतात.

विंबी म्हणजे काय, हे तिला इंग्रजीतून सांगता येईना. बारीक दाणा, लालसर पीठ, एवढंच ती हाताने दाखवत होती. मी घरात जाऊन नागलीच्या (नाचणीच्या) पिठाचा डबा आणला. तिने झाकण काढलं, चिमटीत पीठ घेतलं, बोटांवर चोळून वास घेतला, आणि हसत तीनदा म्हणाली, विंबी, विंबी, विंबी. नागलीचं मूळच पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून भारतात आली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारावर जी नागली पिकते, जिची आंबील आणि भाकरी होते, तीच ती. मी इतकी वर्षं नागली खातेय, हे मला तिच्या चिमटीतल्या पिठामुळे कळलं. आमच्या तासाचा मध्यबिंदू त्या डब्यातच सापडला.

म्हणून पाहुण्याला या भेटीत हेच विचारा: लहानपणी सकाळी काय खायचास? शाळेत कसा जायचास? कोणता खेळ खेळायचास? कशाची भीती वाटायची? उत्तरांपैकी तीन गोष्टी निवडा, ज्यांना नाशिकमध्ये जोड सापडेल. तीनच पुरतात.

त्याच वेळी काय टाळायचं तेही ठरवा. धर्मप्रचार नको, राजकारण नको, कुठल्या संस्थेसाठी मदत मागणं नको. तोंडावर सांगायला संकोच वाटतो, पण आधी सांगितलेलं बरं.

## 4. मुलांची तयारी: तीन दिवस, रोज वीस मिनिटं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. तयारी नसलेल्या वर्गात पाहुण्याकडे प्राणिसंग्रहालयात बघावं तसं बघितलं जातं.

पहिला दिवस, नकाशा. पृथ्वीगोलावर मुंबईपासून मोंबासापर्यंत लाल दोरा लावा. मध्ये फक्त समुद्र: आधी अरबी समुद्र, पुढे हिंदी महासागर. मुलांना वाटतं आफ्रिका हा एक देश आहे. आफ्रिका खंड आहे आणि त्यात 54 देश आहेत, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तीन दिवस पुसू नका. केनिया त्यातला एक. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि लोक मात्र आपल्या निम्म्याहूनही कमी. विषुववृत्त त्याच्या मधून जातं. तरीही माउंट केनियाच्या शिखरावर बर्फ आहे, कारण त्याची उंची 5199 मीटर. आमची मुलं कळसूबाईला जाऊन आलेली. कळसूबाई 1646 मीटर. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी माउंट केनिया वरच राहतो, हे त्यांनी स्वतः बेरीज करून काढलं.

दुसरा दिवस, शब्द. हा तास मुलांना फार आवडतो. फळ्यावर मी किस्वाहिलीतले हे शब्द लिहिले आणि अर्थ ओळखायला सांगितले: गारी, चपाती, चाय, पेसा, दुका, रंगी, किताबू, हेसाबू, दुनिया, हबारी. दहा मिनिटांत सगळे अर्थ निघाले. हेसाबू म्हणजे अंकगणित, हे कळल्यावर मागच्या बाकावरून "तिकडेपण?" असा आवाज आला. हबारी म्हणजे खबर, लोक भेटल्यावर तेच विचारतात, आपण "काय खबर?" म्हणतो तसं. मग एक ते दहा अंक म्हणा. सहाला किस्वाहिलीत "सिता" म्हणतात. पंचवटीत राहणाऱ्या, सीतागुंफा पाहिलेल्या मुलांना हा अंक परत शिकवावा लागला नाही.

हे शब्द तिकडे कसे गेले, हा प्रश्न येतोच. उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहतात. त्यांवर शिडं उभारून गलबतं आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेला जात. पुढे वारा फिरला, नैऋत्येकडून वाहू लागला, की परत येत. ज्या वाऱ्याबरोबर नाशिकला पाऊस येतो, त्याच वाऱ्याने माणसं घरी येत. किताब, दुनिया, हिशेब हे शब्द अरबीतून दोन्हीकडे पोचले; गाडी आणि चपाती इकडून गेली.

तिसरा दिवस, वागणं. या दिवसाबद्दल मला जरा जास्त सांगायचंय.

ही पाहुणी आमच्याकडे दोनदा आली. पहिल्यांदा आली तेव्हा मी हा दिवस गाळला होता. तिच्या केसांच्या बारीक वेण्या होत्या. ती खाली बसून एका मुलाशी बोलत असताना मागून दोन मुलांनी वेण्या ओढून पाहिल्या, आणि कुणीतरी "किती काळी आहे" असं मोठ्याने म्हणालं. तिला मराठी थोडं कळत होतं. ती बोलत राहिली, पण खांदे आवळले गेलेले मला दिसले. नंतर मी तिची माफी मागितली. तिने सांगितलं की बाजारात, बसस्टॉपवर हे रोज होतं. लहान मुलांकडून फारसं वाईट वाटत नाही, मोठ्यांकडून वाटतं. पण लहान मुलंच मोठी होतात.

म्हणून ती पुन्हा येण्याआधी आम्ही वर्गात रंगावर उघड बोललो. गप्प बसून हा विषय सुटत नाही. मुलं बघतात, त्यांना फरक दिसतो. मी विचारलं, काळं काय काय चांगलं असतं? उत्तरं आली: पाऊस आणणारा ढग, फळा, काजळ, विठोबा. एकाने काळाराम सांगितला. शेतकऱ्याच्या मुलाने सांगितलं, आमच्या शेताला आजोबा काळी आई म्हणतात. मग आपण कुणाला "काळा" म्हणून चिडवतो तेव्हा काय करतो, हे त्यांचं त्यांनीच बोलून काढलं. माझ्या वर्गात सावळ्या मुलींना ते ऐकावं लागतं, हेही त्यात बाहेर आलं. तो तास केनियापुरता राहिला नाही.

त्यानंतर नियम ठरवले, मुलांनीच फळ्यावर लिहिले: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, केसांनाही नाही. हसायचं ते तिच्याबरोबर. "कारिबू" म्हणजे या, स्वागत आहे. "आसांते" म्हणजे धन्यवाद.

प्रश्नांची वही. तयारीच्या शेवटी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्या. आमच्याकडे चाळीसेक जमले. सारखे प्रश्न एकत्र करून पंधरा निवडले आणि कोण कोणता विचारणार ते ठरवलं. लाजाळू मुलांना लेखी चिठ्ठी दिली. "तुमच्या देशाची लोकसंख्या किती?" छापाचे प्रश्न बाजूला ठेवा, त्यांची उत्तरं पुस्तकात असतात. "तुझी आजी तुला कुठली गोष्ट सांगायची?" हा प्रश्न वर ठेवा.

## 5. सत्कार आटोपता घ्या

आपल्याकडे पाहुणा आला की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, अध्यक्षीय मनोगत. चाळीस मिनिटांच्या तासातली पंचवीस मिनिटं त्यात जातात आणि मुलं तोवर चुळबुळायला लागतात. मुख्याध्यापकांशी आधीच बोला. आमच्याकडे ठरलं: एका मुलीने गुलाबाचं फूल द्यायचं, सगळ्यांनी "कारिबू" म्हणायचं, झालं. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर तास संपल्यावर कार्यालयात द्या.

संस्थेचे पदाधिकारी, शेजारच्या वर्गाचे शिक्षक, सेल्फीसाठी आलेली मंडळी यांनाही दाराबाहेर थांबवा. कटू वाटतं, पण तो तास मुलांचा आहे.

## 6. प्रत्यक्ष तास

टेबल-खुर्ची बाजूला करा, सतरंजीवर गोल करून बसा. पाहुणीही खालीच बसली.

पहिली दहा मिनिटं तिच्या आठव्या वर्षाचा दिवस. ती इंग्रजी-हिंदीत बोलत होती, मी मराठीत सांगत होते. दुभाष्याने दोन-दोन वाक्यांनी थांबायचं. पाच वाक्यं साठवलीत तर मधली तीन हरवतात.

मग डबा फिरवला, नागलीचा. मुलांनी बोटं बुडवली, लालसर पीठ नाकाला लागलं. "आमच्याकडे हीच आंबील करतात" म्हणून दोन-तीन हात वर आले. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, "उगाली", कशी हाताने तोडून भाजीबरोबर खातात, हे तिने हवेत करून दाखवलं.

नंतर घड्याळ. याला वेळ द्या, कारण तिसरीची मुलं घड्याळ शिकतच असतात. किस्वाहिलीत तास मोजतात सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा, "सा सिता". विषुववृत्तावर दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखीच, सूर्य रोज सहाच्या आसपास उगवतो, म्हणून हे मोजमाप तिथे बिनचूक बसतं. पुठ्ठ्याच्या घड्याळावर युक्ती सोपी आहे: तासकाटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. मुलं पाच मिनिटांत वाचायला लागली. (आपल्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. मुलांच्या आज्या हे जाणतात. घरी विचारायला सांगा.) दुसऱ्या पुठ्ठ्यावर केनियाच्या राजधानीची, नैरोबीची, नेहमीची वेळ लावा. ती आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. आपल्याकडे अकरा वाजलेले असतात तेव्हा तिथे साडेआठ. ही दोन घड्याळं एकाच वेळी आणू नका. आधी सूर्याचं पक्कं होऊ द्या.

मग प्रश्न. ठरलेल्या पंधरातले नऊच झाले, कारण उत्तरांतून नवे प्रश्न निघाले, आणि तसं होणं चांगलं. "तुमच्या घरी सिंह येतो का?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, तो दाबू नका. तिने सांगितलं की ती शहरात वाढली, सिंह पाहिले ते राष्ट्रीय उद्यानात. मग तिने उलट विचारलं, तुमच्याकडे बिबट्या येतो का? निम्मा वर्ग हात वर करून ओरडायला लागला. कुणाच्या मामाच्या उसात, कुणाच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात. ती डोळे मोठे करून ऐकत होती. त्या क्षणी कोण कुणाला देश दाखवत होतं ते कळेना.

नाणी आणायला सांगितली असतील तर ती शेवटी काढा. आधी काढलीत तर बाकी काही होत नाही. केनियाच्या नव्या नाण्यांवर जिराफ, गेंडा, सिंह आणि हत्ती आहेत. माणसाचा चेहरा नाही, कारण त्यांच्या 2010 च्या राज्यघटनेने चलनावर कुणाही व्यक्तीचं चित्र छापायला मनाई केली आहे. आमच्या वर्गातल्या दोघांच्या घरचे नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात आहेत. त्या दोन मुलांनी दहाची नोट काढून गांधीजी दाखवले आणि तीही त्यांचीच गोष्ट असल्यासारखं समजावून सांगितलं. नाणी मोजून द्या, मोजून घ्या.

तास पन्नास मिनिटांच्या पुढे नेऊ नका.

## 7. शरणपूरची गोष्ट कधी सांगायची

नाशिककरांसाठी हा टप्पा वेगळा लिहिते, कारण केनियाशी आपलं एक जुनं नातं आहे आणि ते आपल्याच फारसं लक्षात नाही.

शरणपूर रोडवरून आमची अर्धी मुलं रोज जातात. एकोणिसाव्या शतकात तिथे ख्रिस्ती मिशनची वसाहत होती. आफ्रिकेतून पकडून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या माणसांच्या बोटी इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात अडवल्या, त्यांतली सुटलेली काही मुलं मुंबईमार्गे इथे आणली गेली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं ती नाशिकला शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश प्रवाशाच्या, डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या, शेवटच्या प्रवासात सामील झाला; 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि 1874 मध्ये शवपेटीबरोबर इंग्लंडलाही गेला. त्याच सुमारास नाशिकला वाढलेले बरेच आफ्रिकी लोक मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रेरेटाउनमध्ये राहायला गेले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रेअर यांचं नाव त्या वस्तीला दिलं होतं. तिथली जुनी घंटा आजही आहे.

आमची पाहुणी त्या घंटेजवळच्या चौकातून लहानपणी जायची. त्या वस्तीचा नाशिकशी संबंध आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तास झाल्यावर आम्ही दोघी शरणपूर रोडने रिक्षातून गेलो, ती बाहेर बघत राहिली, फार बोलली नाही.

तिसरीच्या मुलांना गुलामगिरीचे तपशील सांगू नका. एवढं पुरतं: काही मुलांना घरापासून पळवून नेलं होतं, त्यांची सुटका झाली, त्यांना नाशिकला, शरणपूरला, आसरा मिळाला. ही गोष्ट पाहुण्यासमोर सांगायची असेल तर आधी त्याला विचारा. एखाद्याला ती भर वर्गात ऐकणं जड जाईल. मी ती दुसऱ्या दिवशी सांगितली.

## 8. खाऊ, फोटो, भेटी

पाहुण्याने आणलेला खाऊ मुलांना देण्याआधी ॲलर्जी विचारा, घटक बघा. कुणाच्या घरी काय चालत नाही तेही. आम्ही खाऊऐवजी नागलीचे लाडू केले, दोन पालकांनी मदत केली.

फोटो फक्त संमती असलेल्या मुलांचे, आणि पाहुण्याचाही त्याला विचारून. गटावर टाकताना मुलांची नावं लिहू नका. मुलांनी पाहुण्याचा फोन नंबर किंवा इन्स्टाग्राम मागितलं तर द्यायचं नाही, हे पाहुण्याला आधीच सांगून ठेवा, संपर्क शाळेमार्फतच.

## 9. नंतरचे दोन दिवस

पाहुणा गेला की विषय संपला, असं बहुतेक शाळांत होतं. पुढचे दोन तास राखून ठेवा.

एका तासात कविता राऊतची गोष्ट सांगा. सावरपाड्याची आपली कविता 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिसरी आली; तिच्या पुढे होत्या त्या दोघी केनियाच्या. मैदानावर पंचवीस फेऱ्या म्हणजे किती, हे समजायला मुलांना शाळेच्या पटांगणाला फेऱ्या मारू द्या. केनियाच्या वांगारी माथाईंचीही सांगा: 1977 मध्ये बायकांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली, 2004 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. आमच्या मुलांनी नंतर कुंपणालगत कडुनिंब आणि करंज लावले, पाणी घालायच्या पाळ्या अजून चालू आहेत.

दुसऱ्या तासात पत्रं. मराठीतच लिहू द्या, खाली एका ओळीत इंग्रजी अर्थ तुम्ही लिहा. "मला काय नवीन कळलं" हे एक वाक्य आणि एक चित्र. शुद्धलेखन तपासून लाल शाई मारू नका. आमच्या मुलांच्या सव्वीस चित्रांत घड्याळ होतं, सातांत डबा, एकात बिबट्या आणि सिंह एका बाकावर बसले होते.

पाकिटावर पत्ता कॉलेजचा घाला, वसतिगृहाच्या खोलीचा नको. सत्र संपलं की खोली बदलते आणि पत्रं परत येतात. आमचं पहिलं पाकीट तसंच परत आलं होतं. शेवटी सगळे कागद, प्रश्नांची वही, पुठ्ठ्याची घड्याळं आणि पाहुण्याच्या परवानगीने त्याचा संपर्क एका फाइलीत घालून कपाटात ठेवा, वर्ष लिहून. पुढच्या वर्षी तिसरीला कोणत्या बाई असतील ते सांगता येत नाही.